दोन किलो, अडीच लाख

मोठा आणि महागडा लॅपटॉप घ्यावा का, या प्रश्नाचं उत्तर ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे बदलतं. म्हणून इथे दोन माणसं बोलत आहेत. भाची माहितीपटांचं संकलन करते आणि बरेचदा चित्रीकरणाच्या जागीच टाइमलाइन उघडून बसते. मामाचं मुंबईत लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. विषय एका ठरावीक यंत्राचा आहे : अ‍ॅपलचा १६ इंची मॅकबुक प्रो, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेला, एम४ प्रो चिपचा. वजन २.१४ किलो. भारतात आला तेव्हा त्यातल्या सगळ्यात स्वस्त मॉडेलची किंमत २,४९,९०० रुपये होती. भाचीला तो घ्यायचा आहे. मामा म्हणतो, घेऊ नकोस.

मामा : आधी हिशेब बघ. त्याच कंपनीचा मॅक मिनी, एम४ प्रो चिपचाच, त्याच सुमाराला १,४९,९०० रुपयांना आला. कोअर थोडे कमी, पण घराणं तेच. उरलेल्या लाखात रंग नीट दाखवणारा २७ इंची मॉनिटर येतो, चांगला की-बोर्ड येतो, वर फुटेज ठेवायला ड्राइव्हही येतात. पडदा डोळ्यांच्या उंचीवर राहतो, मान मोडत नाही. हे सोडून दोन किलोंचं ओझं पाठीवर कशाला?

भाची : टेबल एका जागी असतं तर मीही मिनीच घेतला असता. कोकणात शूट असलं की संध्याकाळी लॉजवर पोचते तेव्हा वीज असेलच असं नाही. दिवसभराची कार्डं त्याच रात्री रिकामी करायची, फुटेज दोन ठिकाणी ठेवायचं, दिग्दर्शकाला कच्चा कट दाखवायचा आणि उद्या कुठला शॉट परत घ्यायचाय ते ठरवायचं. दुसऱ्या दिवशी माणसं पांगलेली असतात. मिनी आणि मॉनिटर दोघांनाही भिंतीतला प्लग लागतो.

मामा : मग विंडोजचा मोठा लॅपटॉप घे. त्याच पैशात वेगळं ग्राफिक्स कार्ड मिळेल, रॅम पुढे वाढवता येईल, साठवणूक बदलता येईल.

भाची : प्लग लावलेला असेपर्यंत तो मॅकबुकपेक्षा पुढेही जाईल, ते मान्य. पण बॅटरीचं गणित बघ. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय नेता येते, त्यावर १६०पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं. म्हणून मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या शंभराच्या आसपास येऊन थांबतात. मॅकबुकमध्येही १०० वॉट-तासच आहेत. मग फरक पडतो तो विजेच्या खर्चात. दणकट ग्राफिक्स कार्डवाल्या लॅपटॉपचा चार्जर २४० वॉटचा असतो, कधी ३३०चा. तो पूर्ण जोरात चालला तर शंभर वॉट-तास अर्ध्या तासातच संपतील. म्हणून प्लग काढला की तो स्वतःच वेग कमी करतो. मॅकबुकचा चार्जर १४० वॉटचा आहे आणि तो काढला तरी वेग जवळपास तोच राहतो. मी पैसे मोजतेय ते या गोष्टीचे.

मामा : हे खरं आहे. पण कंपनी २४ तासांची बॅटरी सांगते, तो आकडा व्हिडिओ बघण्याचा आहे. एडिट करताना मशीन सरासरी ५० वॉट ओढायला लागलं, की शंभर वॉट-तासांचे दोनच तास झाले.

भाची : होतात. पण सगळं एडिट ५० वॉटचं नसतं. कार्ड कॉपी करणं, शॉट बघणं, कापणं-जोडणं याला फारच कमी वीज लागते. रंगकाम आणि रेंडर जड, ते मी वीज आली की लावते. शिवाय २०२१च्या एम१ प्रोपासून या चिपमध्ये प्रोरेझ या व्हिडिओ फॉरमॅटची फाइल उलगडण्यासाठी वेगळा भाग आहे, त्यामुळे मुख्य प्रोसेसरवर भार पडत नाही. पंख्याचा आवाजही क्वचित येतो. मुलाखत चालू असताना शेजारी लॅपटॉप ठेवायचा असेल तर याचं मोल कळतं.

मामा : आता माझं ऐक. तू ज्या गुणाचं कौतुक करतेस, त्यातच माझी तक्रार आहे. ही चिप एवढ्या कमी विजेत एवढं काम का करते? एक कारण म्हणजे रॅम तिच्या अगदी बगलेत, एकाच पॅकेजमध्ये बसवलीय. डेटाला लांब जावं लागत नाही. एम४ प्रोला सेकंदाला २७३ जीबी डेटा रॅममधून ओढता येतो. खोबणीत बसणाऱ्या डीडीआर५च्या दोन पट्ट्या शंभरीच्या आसपासच राहतात. पण त्या पट्ट्या मी पाच मिनिटांत बदलून देतो, ही रॅम मला या जन्मात बदलता येणार नाही. घेताना २४ जीबी घेतलीस, तर मशीन भंगारात जाईपर्यंत २४ जीबीच.

भाची : पण तीच रॅम ग्राफिक्सलाही वापरता येते ना? वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर आठ किंवा बारा जीबी असते. ती भरली की रंगकाम अडखळतं. इथे एकाच साठ्यातून दोघांना मिळतं.

मामा : मिळतं, आणि म्हणूनच तो साठा लवकर भरतो. तुझा प्रोजेक्ट, ब्राउझर, ग्राफिक्स, सगळे एकाच ताटातले. पुढच्या चार वर्षांत कॅमेरे ८केकडे गेले, की २४ कमी पडेल. तेव्हा तू काय करशील? मशीन बदलशील. माझ्या गिऱ्हाइकांनी दहा-बारा वर्षं जुने लॅपटॉप रॅम वाढवून, एसएसडी टाकून चालवलेत. एवढी महाग वस्तू आणि आयुष्य वाढवायची सोय नाही, हे मला पटत नाही.

भाची : साठवणूक तरी मी बाहेरच ठेवणार आहे. ४के प्रोरेझ ४२२ एचक्यू तासाला ३०० जीबीच्या वर जागा खातं. मूळ मॉडेलमध्ये ५१२ जीबी आहे. म्हणजे सिस्टीम आणि सॉफ्टवेअर गेल्यावर एका धड मुलाखतीपुरती जागा उरते. अडीच लाखांत एवढीच साठवणूक देणं, हा दोष मीही मोजते.

मामा : जागा कमी हा लहान दोष झाला. मोठा वेगळाच आहे. पावसाळ्यात येणाऱ्या मशीनची मागची पाटी उघडली की कनेक्टरच्या पायांशी हिरवट-पांढरा थर दिसतो. चहा सांडलेला असतो, नाहीतर नुसती बॅगेत मुरलेली ओल असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवायचा, मायक्रोस्कोपखाली शॉर्ट शोधायचा, एखादा कपॅसिटर किंवा पॉवर आयसी हॉट एअरने उचलून नवा बसवायचा. अशी बरीच मशीन उठतात. पण मुख्य चिप किंवा साठवणुकीची चिप गेली की मी हात टेकतो. जुन्या लॅपटॉपमध्ये बोर्ड मेला तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची आणि माणसाचा डेटा त्याच्या हातात द्यायचा. इथे साठवणूक बोर्डावरच सोल्डर केलेली आणि तिच्यावरचं सगळं कुलूपबंद. किल्ली मुख्य चिपच्या पोटात. मुख्य चिप मेली, तर साठवणुकीची चिप शाबूत असून उपयोग नाही.

भाची : पण ते कुलूप चोरासाठीही आहेच. मी एसटीने फिरते, लॉजवर राहते. लॅपटॉप चोरीला गेला तर ज्यांनी विश्वासाने माझ्या कॅमेऱ्यासमोर बोलून घेतलं, त्यांचं बोलणं परक्याच्या हाती पडणार नाही. माझ्या कामात ही फार मोठी गोष्ट आहे.

मामा : याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, की असा लॅपटॉप घेणाऱ्याला बॅकअप ही सवड मिळाली तर करायची गोष्ट राहत नाही. ज्याला रोजचा बॅकअप जमत नाही, त्याने डेटा बोर्डाला जखडलेलं मशीन घेऊच नये.

भाची : पडद्याबद्दल काय म्हणतोस?

मामा : पडदा सुंदर आहे, नाही कोण म्हणतं? पण पडदा गेला तर झाकणाचा सगळा संचच बदलावा लागतो. झाकण आणि की-बोर्ड यांच्यातली फट इतकी कमी, की कॅमेऱ्यावर चिकटवायचं प्लॅस्टिकचं झाकण तसंच ठेवून लॅपटॉप मिटला तर काच तडकू शकते. २०२०मध्ये कंपनीनेच तसा इशारा दिला होता. की-बोर्डही वरच्या धातूच्या साच्याला रिव्हेटने ठोकलाय. दुकानात नुसता की-बोर्ड बदलायचा तर ते सगळे रिव्हेट एकेक करून उपटावे लागतात.

भाची : पडद्यावर माझं पोट आहे, म्हणून त्याचे गुण आणि दोष दोन्ही सांगते. १६.२ इंच, ३४५६ बाय २२३४ पिक्सेल. मराठी सबटायटल लावताना रफार, अनुस्वार, जोडाक्षराचा पाय अगदी स्वच्छ दिसतात. हलक्या पडद्यावर लहान आकारात ‘र्या’ आणि ‘ऱ्या’ डोळे ताणून बघावे लागतात, इथे चूक लगेच पकडता येते. टाइमलाइनवर आवाजाचे चार-पाच ट्रॅक, चित्राचे दोन-तीन आणि वर चित्राची खिडकी, एवढं सगळं गर्दी न होता मावतं. पण काळ्यावर पांढरी श्रेयनामावली लावली की अक्षरांभोवती पुसट धुकं दिसतं. पडद्यामागे मिनी एलईडीचे साधारण अडीच हजार विभाग आहेत आणि पिक्सेल पाऊण कोटींच्या वर. म्हणजे एका विभागावर जवळपास तीन हजार पिक्सेल. एवढ्या जागेतलं एक अक्षर उजळलं, की शेजारचा काळाही थोडा उजळतो. हे माहीत नसलेला नवखा संकलक चित्रातच दोष आहे समजून रंग बिघडवून बसेल. म्हणून शेवटची तपासणी मी वेगळ्या मॉनिटरवरच करते.

मामा : म्हणजे वेगळा मॉनिटर लागतोच!

भाची : शेवटच्या तपासणीला लागतो, रोजच्या कामाला नाही.

मामा : मग १४ इंची का नाही? एम४ प्रोवालाच १,९९,९०० रुपयांना आला. पन्नास हजार वाचले, वजन १.६ किलो, म्हणजे अर्धा किलो कमी. ई-शिवनेरीत मांडीवर राहील, विमानात समोरच्या फळीवर मावेल. तुझा हा साडेपस्तीस सेंटीमीटर रुंद आहे. पुढच्या माणसाने सीट मागे टाकली की झाकण चेपतं. असं चेपून आलेलं झाकण मी दुरुस्त केलंय.

भाची : प्रवासात १४ इंचीच बरा, यात वाद नाही. पण मी प्रवासात एडिट करत नाही, मुक्कामाला पोचल्यावर करते. १४ इंचीची बॅटरी साधारण ७२ वॉट-तासांची, म्हणजे पाव हिस्सा गेला. पंखे लहान, त्यामुळे लांबच्या रेंडरला आवाज जास्त. आणि दिग्दर्शक, कॅमेरामन, मी असे तिघं एका पडद्याकडे बघतो तेव्हा ते दोन इंच कमी पडतात.

मामा : मला आणखी एक भीती आहे, ती इतिहासाची. २०११चे १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रो आठवतात मला. ग्राफिक्स चिप निकामी व्हायची, स्क्रीनवर रेघा यायच्या. कंपनीने मोफत दुरुस्तीची योजना आणली ती २०१५ साली. २०१६मध्ये मॅकबुक प्रोत बटरफ्लाय की-बोर्ड आला, पातळ करायच्या नादात. धुळीचा कण गेला की बटण रुसायचं. २०१८मध्ये त्यासाठीही मोफत दुरुस्ती सुरू करावी लागली, अमेरिकेत दावाही लागला आणि २०२२मध्ये पाच कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०१९मध्ये जुन्या १५ इंची मॉडेलच्या बॅटऱ्या तापतात म्हणून परत मागवल्या, तेव्हा आपल्या विमान वाहतुकीच्या नियामकाने, डीजीसीएने, ते मॉडेल घेऊन विमानात बसू नका असं प्रवाशांना सांगितलं. महाग मशीन म्हणजे निर्दोष मशीन, हा समज मी रोज मोडताना बघतो.

भाची : इतिहास सांगतोस तर पुढचाही सांग. २०१९मध्ये पहिला १६ इंची आला तोच बटरफ्लाय की-बोर्ड टाकून. २०२१मध्ये तर एचडीएमआय परत आलं, कार्डाची खोबण परत आली, चुंबकाचा चार्जर परत आला, वरची टचबारची पट्टी गेली. त्यासाठी मशीन आधीच्यापेक्षा जाड झालं, वजनही वाढलं. लोक पाच वर्षं बोंबलले तेव्हा कंपनीने ऐकलं. आज मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढते आणि सरळ लॅपटॉपमध्ये घालते. गावात प्रोजेक्टरवर फिल्म दाखवायची तर सरळ केबल लावते. पूर्वी या दोन कामांना पिशवीभर अ‍ॅडॉप्टर लागायचे आणि नेमका हवा तोच घरी राहायचा.

मामा : मग लोक बोंबलले तर रॅमही परत खोबणीत येईल की! वेगासाठी सोल्डर करावंच लागतं हे आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. २०२४मध्येच लेनोव्होने १६ इंची थिंकपॅड पी१मध्ये एलपीकॅम२ नावाची रॅम वापरली. कमी वीज खाणारी, पातळ, आणि स्क्रू काढून बदलता येणारी. अ‍ॅपलच्या वेगाला ती पोचत नाही, पण वाट निघाली आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं. गिऱ्हाइकाने दुकानात उभं राहून विचारलं पाहिजे, की बॅटरी कशी बदलतात, सुटे भाग कुठे मिळतात. कोणीच विचारलं नाही तर कोणीच देणार नाही.

भाची : हे मला शंभर टक्के पटतं. मी विकत घेतेय म्हणून मी ते दोष पाठीशी घालणार नाही. आणि माझ्या कामाला योग्य आहे म्हणून कोणालाही घ्यायला सांगणार नाही. माझ्या मैत्रिणीचा भाऊ सीए आहे, त्याने मला विचारलं, हाच घेऊ का? मी नको म्हटलं.

मामा : बरोबर केलंस. टॅलीचा सगळा कारभार विंडोजवर. जुन्या इंटेल मॅकमध्ये निदान बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं, आता तेही गेलं. शिवाय याला आकड्यांची वेगळी बटणं नाहीत. दिवसभर जीएसटीच्या नोंदी मारणाऱ्याला ती लागतातच. विंडोजच्या बहुतेक मोठ्या लॅपटॉपवर ती मिळतात.

भाची : मला मात्र ती नाहीत तेच बरं. की-बोर्ड पडद्याच्या मधोमध येतो, दोन्ही बाजूंना स्पीकर बसतात, लॉजवर आवाजाचा अंदाज घेण्याइतके ते चांगले आहेत. ज्याला फक्त मोठा पडदा हवाय, लिहायला, वाचायला, पिक्चर बघायला, त्याने १५ इंची मॅकबुक एअर बघावा. २०२३च्या जूनमध्ये तो आकार पहिल्यांदा आला. दीड किलो वजन. पंखा नाही, म्हणून लांबचा रेंडर लावला की मंदावतो, पण लिहिणाऱ्याला रेंडर कुठे करायचाय?

मामा : मग तू घेणारच आहेस. ठीक आहे, माझ्या अटी ऐक. रॅम घेतानाच ४८ जीबी घे. आतली साठवणूक वाढवण्यात पैसे घालू नकोस, त्या पैशात बाहेरच्या दोन एसएसडी घे. एक तुझ्या बॅगेत, दुसरी कॅमेरामनच्या. दोन्ही एका बॅगेत ठेवल्यास तर तो बॅकअप नव्हे. विमा काढ. कॅमेऱ्यावर काही चिकटवू नकोस. चहाचा कप लॅपटॉपच्या पातळीच्या खाली ठेव, सांडला तरी जमिनीवर सांडेल. पावसात भिजली तर बॅग आधी उघड, मशीन पुसून कोरडं कर, आणि चार्जर लावून चालतंय का बघायचा मोह टाळ. पाण्यापेक्षा ओल्या बोर्डात शिरलेली वीज जास्त नुकसान करते.

भाची : अटी मान्य. आणि माझी मीच एक घालते. हे मशीन सात वर्षं चालवीन. मधे नवी चिप आली म्हणून बदलणार नाही. दर दोन वर्षांनी बदलायचं असेल, तर अडीच लाखांचं समर्थन मला माझ्याशीच करता येणार नाही.

मामा : तेव्हा बॅटरी बदलायला माझ्याकडे ये. २०२१पासून तिला ओढून काढायच्या पट्ट्या दिल्यात, आधीसारखं डिंकाशी झगडावं लागत नाही. एवढी सुधारणा मीही मानतो.

दोघांचं बोलणं इथे थांबतं, आणि दोघंही खरं बोलले आहेत. या यंत्राचे गुण आणि दोष यांच्या दोन वेगळ्या याद्या करता येत नाहीत. रॅम चिपला चिकटलेली आहे म्हणून ते प्लगशिवायही वेगाने चालतं आणि म्हणूनच वाढवता येत नाही. साठवणूक कुलूपबंद आहे म्हणून चोराला मिळत नाही आणि बोर्ड मेला तर आपल्यालाही मिळत नाही. पडदा मोठा आहे म्हणून तिघांना दिसतो आणि बसमध्ये मांडीवर मावत नाही. गुण हवा असेल तर त्याच्या जोडीचा दोष सोसण्याची तयारी हवी.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी वाचकांनी एक साधा हिशेब करावा. गेल्या वर्षभरात आपल्या टेबलापासून आणि प्लगपासून दूर बसून जड काम किती वेळा करावं लागलं? महिन्यातून अनेकदा, असं उत्तर असेल तर हा लॅपटॉप घ्या, रॅम भरपूर घ्या आणि पहिल्या दिवसापासून बॅकअप ठेवा. क्वचितच, असं असेल तर टेबलावरचा संगणक आणि हलका लॅपटॉप अशी जोडी घ्या. ती मिळून स्वस्तही पडू शकेल, आणि त्यातलं एक बिघडलं तरी दुसऱ्यावर काम चालू राहील.